आग सांभाळायची की धूर?

नोव्हेंबर उजाडला की दिल्लीच्या धुराची चर्चा आपल्या घरातल्या टीव्हीवर सुरू होते. 'पराली' हा शब्द आता मराठी माणसालाही पाठ झाला आहे. त्याच आठवड्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, पहिल्या फडांची तोड होऊन ट्रॉल्या हललेल्या असतात आणि मागे राहिलेल्या पाचटाला काडी लागलेली असते. हा धूर टीव्हीवर येत नाही. तो दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, पाण्याच्या टाकीत उतरतो, दमेकऱ्याच्या छातीत जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्कामाला असतो.

पाचटावर या मासिकात कशाला लिहायचं, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. आपण शिक्षणावर लिहितो, तलाकवर लिहितो, शहरात घर भाड्याने मिळत नाही त्यावर लिहितो. त्यांच्या विचारण्यात वावगं काही नव्हतं, पण त्यामागचं गृहीत मला पटत नाही. मुसलमान नागरिकाने बोलायचे प्रश्न कुणीतरी आधीच वेगळे काढून ठेवलेत आणि बाकीचे प्रश्न 'त्यांचे' आहेत, असं हे गृहीत आहे. आमच्या पट्ट्यात मुजावर, मुल्ला, नदाफ, जमादार, पटेल ही आडनावं कारखान्याच्या सभासद यादीतही सापडतात आणि सरकारी दवाखान्यात छातीच्या विकाराच्या रांगेतही सापडतात. काडी लावणाऱ्यांत आपण आहोत आणि खोकणाऱ्यांतही आहोत. गेली काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे भर गाळप हंगामात येतो आहे. मशिदीच्या उघड्या पटांगणात तरावीहला उभं राहिलं की शेजारच्या मळ्यातला धूर सफेत थेट येतो. पलीकडच्या गल्लीतल्या सप्ताहाच्या मांडवातही तोच धूर जातो. यावर कुणी बोलत नाही, कारण बोलायचं कुणाला हाच प्रश्न असतो. काडी लावणारा शेजारीच असतो आणि उद्या आपल्यालाही आपलं रान मोकळं करायचं असतं.

पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणारे बहुतेक लोक शेतात कधी उभे राहिलेले नसतात. मी ज्यांना चाचा म्हणतो, त्या आमच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी एकदा विचारलं, "दिवस मावळल्यावरच का पेटवता? सगळा धूर रात्री गावात बसतो." चाचा म्हणाले, "शेजारच्या बांधाला उभा ऊस आहे. दुपारी वारं सुटलं आणि ठिणगी पलीकडं गेली तर त्याचा फड जाईल आणि माझ्या नावानं फिर्याद होईल. सांजच्याला वारं पडतं. मी आग सांभाळू का धूर?"

हे उत्तर मला पूर्ण शहाणपणाचं वाटलं. आगीचं व्यवस्थापन आपल्या शेतकऱ्याला पिढीजात येतं. बांधाकडचं पाचट आत ओढून आठ-दहा फुटांचा पट्टा मोकळा करायचा, कडेच्या सऱ्या भिजवायच्या, फवारणीचा पंप भरून हाताशी ठेवायचा. वारा ज्या बाजूला वाहतो त्या कडेला आधी पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट दिशेने, सावकाश, आपल्या कह्यात सरकते. वरून वीजवाहिनी जात असेल तर तिथलं पाचट आधी हटवायचं. हे कुणी प्रशिक्षण वर्गात शिकवलेलं नाही. आग हाताबाहेर गेली की तिची किंमत त्याच रात्री, नावानिशी, चुकवावी लागते. म्हणून आग सांभाळायची रीत तयार झाली. धुराची किंमत कुणाच्या नावावर पडत नाही, म्हणून धूर सांभाळायची रीत तयारच झाली नाही.

अडचण अशी की आगीला सोयीची वेळ धुराला सर्वांत वाईट असते. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, असा उलटा थर बसतो आणि त्याखाली धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा अडकतो. पहाटे दवाने ओलसर झालेलं पाचट धुमसतं आणि आणखी जास्त धूर करतं. दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, पाचट कडक वाळलेलं असताना, जमीन तापलेली असते आणि हवा वर चढत असते, तेव्हा तोच धूर उंच जाऊन पांगतो. म्हणजे गावाच्या फुप्फुसांसाठी दुपार बरी आणि शेजारच्या उसासाठी संध्याकाळ बरी. हा पेच खरा आहे, आणि 'शेतकऱ्यांनो, पाचट जाळू नका' अशा रंगवलेल्या भिंतीने तो सुटत नाही.

मुळात काडी लावावी का लागते? तोड झाल्यावर एकरी तीन ते चार टन वाळलेलं पाचट रानात पडतं. बैलांना, म्हशींना हिरवे वाढे लागतात, पाचट कुणी खात नाही. खोडव्याला पाणी द्यायचं तर पाटाचं पाणी पाचटात अडतं, सरीच्या टोकाला पोचत नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, पुष्कळदा रात्री, आणि तेवढ्या तासांत सगळं रान भिजवायचं असतं. पाचटात साप असेल, उंदीर बीळ करतील, अशी धास्ती असते. ऊस मोडून हरभरा किंवा भाजीपाला करायचा असेल तर रान लगेच मोकळं हवं. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र गावात एखाद्याकडेच असतं, त्याचा नंबर लागेपर्यंत वाफसा निघून जातो. या सगळ्यापुढे काडीपेटी पडते एक-दोन रुपयांना.

आणि तोडीआधीच उभा फड पेटवला जातो, ती गोष्ट आणखी वेगळी. ऊस पिकला आहे, तुरा आला आहे, वजन घटतं आहे आणि कारखान्याची तोड येत नाही. टोळी येते तेव्हा 'खुशाली' मागते. जळलेला ऊस तोडायला सोपा आणि तो लवकर गाळावाच लागतो, म्हणून जळिताची कपात सोसूनही काही जण फड पेटवतात. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस उदंड झाला आणि मे महिना आला तरी फड उभे होते. त्या मे महिन्यात बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्याने आपल्या न तुटलेल्या उसाला आग लावली आणि स्वतःचा जीव दिला. त्या धुराला आपण प्रदूषण म्हणून मोजणार का?

इथे पंजाबकडे पाहायला हवं, कारण आपल्याकडे उद्या जे होऊ शकतं ते तिथे होऊन गेलं आहे. २००९ मध्ये पंजाबने भूजल वाचवण्यासाठी कायदा केला आणि १० जूनच्या आधी भात लावायला बंदी घातली. हेतू योग्य होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, आणि भात निघाल्यापासून गहू पेरेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. हार्वेस्टर मागे ठेवतो ते धसकट आणि पेंढा तेवढ्यात हटवायचा कसा? पाण्याचा प्रश्न सोडवताना जो धूर तयार झाला, तो सरकारने शेतकऱ्याच्या नावावर टाकला. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्ली परिसराच्या हवेसाठी जो अध्यादेश आला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होता. सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत हे कलम हटवणं हीदेखील एक मागणी होती, आणि २०२१ च्या कायद्यात शेतकऱ्याला त्या शिक्षेतून वगळावं लागलं. पर्यावरण भरपाईची वसुली मात्र राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दुप्पट झाली: दोन एकरांच्या आतल्याला ५,००० रुपये, दोन ते पाच एकरवाल्याला १०,००० आणि त्यावर ३०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणीच्या ओघात, काही जणांना तुरुंगात टाकलं तर योग्य संदेश जाईल, असाही सूर निघाला.

याच काळात धूर करणाऱ्याला नावं ठेवण्याचा एक प्रकार सुरू झाला. परालीवर बोलताना पंजाबच्या शेतकऱ्याला थेट खलिस्तानी म्हणणारे निघाले. फटाक्यांवर बोललं की धर्मावर घाला घातला म्हणणारे निघाले, आणि त्यांना उत्तर म्हणून बकरी ईद काढणारे तर तयारच असतात. हवेचा प्रश्न कुणाच्या जमातीवर ढकलला की तो सोडवायची गरज उरत नाही, फक्त भांडायची सोय होते. आपण मुसलमानांनी ही चाल दुरून ओळखायला हवी, इतक्या वेळा ती आपल्यावर खेळली गेली आहे. म्हणून आपल्या तोंडून ती दुसऱ्यावर खेळली जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दंड आणि तुरुंग बाजूला ठेवून धुराचं खरोखर व्यवस्थापन करणाऱ्या जागाही जगात आहेत. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात गवताच्या बियाण्याची आणि गव्हाची शेतं जाळली जातात. २००७ मध्ये न्यायालयाच्या निकालाने हे जाळणं थांबलं आणि २००८ पासून नव्या पद्धतीने सुरू झालं. शेतकरी आधी आपल्या शेताची नोंद करतो, शुल्क भरतो, परवाना घेतो आणि मग वाट पाहतो. राज्याचा पर्यावरण विभाग रोज हवामान पाहून ठरवतो की आज जाळायचं की नाही, जवळ शाळा आहे का, दवाखाना आहे का, वारा कुठे वाहतो आहे. हवा कोंदट असेल तर त्या दिवशी काडी नाही. हे ऐकायला आदर्श वाटतं. निर्णय एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडत नाही, हा त्यातला मोठा गुण आहे.

पण त्याच देशात फ्लोरिडा आहे, आणि तिथे आपल्यासारखाच ऊस आहे. तिथेही तोडीआधी फड पेटवायला रोजचा परवाना लागतो. वारा पूर्वेकडे, किनाऱ्यावरच्या श्रीमंत शहरांकडे वाहत असेल तर परवाना नाकारला जातो किंवा अटी कडक होतात. वारा उलट्या दिशेला, बेल ग्लेड आणि पाहोकीसारख्या गावांकडे असेल तर तसं संरक्षण नाही. या गावांत बहुसंख्य काळे आणि गरीब लोक राहतात. आकाशातून पडणाऱ्या काजळीला तिथली माणसं 'काळा बर्फ' म्हणतात. नियम काटेकोर आहेत, कागद पूर्ण आहेत, हवामान खातं हजर आहे, आणि धूर कुणाकडे पाठवायचा हे दिशा पाहून ठरलेलं आहे.

हे वाचल्यावर मला आपला गावगाडा आठवला. मोठ्या गावांत मधोमध वाडे, आणि दलित वस्ती गावाबाहेर, पश्चिमेकडून येणारा वारा गावावरून जाऊन जिथे पोचतो तिथे, अशी मांडणी कशी होती हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आजही उसाला चिकटलेली घरं कुणाची? मळ्याच्या कडेला गायरानावर बांधलेली, गावठाणात जागा न मिळालेल्यांची. त्यांत दलित आहेत, भटके आहेत आणि आपलीही माणसं आहेत. आणि सगळ्यांत जवळ, अगदी धुराच्या पोटात, ऊसतोड कामगारांच्या खोप्या. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते येतात, पाच-सहा महिने प्लास्टिकच्या छपराखाली राहतात, त्यांची लहान लेकरं फडातच खेळतात. जळलेल्या फडात दिवसभर तोडणी केलेली बाई संध्याकाळी भाकरीला बसते तेव्हा तिच्या पापण्यांपर्यंत काजळी असते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली ही शहरं आहेत. फडाची आणि खोपीची हवा मोजायला यंत्र लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा आपल्याकडे उद्या धुराचे नियम झाले, तर पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे: वारा कुणाकडे असताना परवानगी मिळणार?

दुसरा प्रश्न खर्चाचा. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ मध्ये कायदा करून फड जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. यंत्राने तोडता येईल अशा जमिनीवर २०२१ पर्यंत, बाकीच्या जमिनीवर २०३१ पर्यंत. मग २००७ मध्ये राज्य सरकार आणि साखर उद्योगाच्या संघटनेने करार करून या मुदती २०१४ आणि २०१७ वर आणल्या. तिथे जबाबदारी कारखान्यांनी घेतली, हे महत्त्वाचं. मात्र धूर कमी झाला तो तोडणी यंत्रांनी, आणि त्या यंत्रांनी हजारो तोडकऱ्यांचं काम गेलं. आपल्याकडेही अनुदानावर यंत्रं येत आहेत. यंत्र पाचटाचे तुकडे करून रानात पसरतं, त्यामुळे जाळायची गरज कमी होते हे खरं. पण ज्या कोयत्याच्या लेकरांचा दमा आपण या लेखात पुढे करतो आहोत, त्याच कोयत्याची रोजी काढून घेऊन हवा स्वच्छ करायची असेल तर ते सरळ सांगावं, आणि त्याच्यासाठी दुसरं काय, तेही त्याच दमात सांगावं.

माझं म्हणणं कारखान्याकडे बोट दाखवणारं आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या राज्यात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापून घेतो. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, पण तोड कधी येणार, टोळी कोणती, फड कसा सोडून जाणार, हे त्याच्या हातात नाही. बुडखे जमिनीलगत तोडले नाहीत तर पुढे पाचट ठेवून खोडवा चांगला फुटत नाही, आणि ते वर तोडले जातात कारण टोळीला घाई असते. तोडणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे पाचटाचीही जबाबदारी हवी. कारखान्याने प्रत्येक गटात कुट्टी यंत्र ठेवावं, तोडीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते रानात यावं, आणि त्याचं भाडं सभासदाला ऊसबिलातून हप्त्याने देता यावं. बुडखे नीट तोडणाऱ्या टोळीला वरचे पैसे मिळावेत. वेळापत्रक पाळलं नाही आणि शेतकऱ्याने नाइलाजाने फड पेटवला, तर जळिताची कपात त्याच्या बिलातून होऊ नये. वार्षिक सभेत आपले सभासद लाभांशावर बोलतात, संचालकांच्या गाडीच्या डिझेलवरही बोलतात. एकदा पाचटावर बोलावं.

पाचट गाठी बांधून बॉयलरला नेण्याचीही कल्पना मांडली जाते. मला ती फारशी रुचत नाही, कारण जमिनीचं जमिनीत राहिलेलं बरं. शिरोळ, मिरज, वाळव्याकडे क्षारपड जमिनीचा प्रश्न आधीच आहे. त्या मातीला सेंद्रिय कर्बाची भूक आहे. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र धरला तर एकरातल्या चार टनांत वीस किलो नत्र होतो, जवळपास युरियाच्या एका पोत्याएवढा. जाळला की तो आणि कर्ब हवेत जातो, राखेत पालाश तेवढा उरतो. अर्थात कुजायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात त्या पोत्याची बचत दिसणार नाही, हे शेतकऱ्याला लपवू नये. कृषी विद्यापीठाची शिफारस सोपी आहे: पाचट सरीत दाबून घ्यायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकायचं आणि पाणी द्यायचं. पाचट ओलावा धरतं, त्यामुळे पुढच्या पाण्याच्या पाळ्याही लांबतात. पाटाच्या पाण्याला अडथळा होतो ही तक्रार मात्र खरी आहे. एक सरी सोडून एका सरीत पाचट ओढलं आणि मोकळ्या सरीने पाणी दिलं की ती बरीचशी मिटते. ठिबकवाल्याला तर अडचणच नाही.

हे सगळं व्हायला वर्षं लागतील. दरम्यान काडी लागणारच असेल तर धूर सांभाळायची रीत गावानेच घालावी लागेल. २ ऑक्टोबरची ग्रामसभा बरोबर हंगामाच्या तोंडावर येते. तिथे ठराव व्हावा: ज्याला पाचट जाळायचं आहे त्याने दोन दिवस आधी कळवावं. एका दिवशी गावाच्या एकाच बाजूचं रान पेटावं. वेळ दुपारची, आणि दुपारी वाऱ्याची भीती असते म्हणून एकट्याने पेटवू नये. शेजारचा बांधवाला, ट्रॅक्टरवरची पाण्याची टाकी आणि चार माणसं हजर असावीत. आगीची जोखीम अशी वाटून घेतली तरच चाचांसारखा माणूस संध्याकाळ सोडायला तयार होईल. वारा शाळेकडे, वस्तीकडे किंवा खोप्यांकडे असेल तर त्या दिवशी काडी नाही. रस्त्याकडेच्या रानाला दोन्ही टोकांना माणूस उभा करावा, धुरात दुचाकीवाला दिसत नाही. आशाताईंकडे दम्याच्या, गरोदर बायांच्या, तान्ह्या मुलांच्या घरांची माहिती असते, त्या घरांना आदल्या दिवशी निरोप जावा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात पाठवणाऱ्यांची कमी नाही, तिथे एवढा एक निरोप खपून जाईल. मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून मध्यंतरी एवढं राजकारण झालं, 'उद्या ओढ्याकडचं रान पेटणार आहे, खिडक्या लावून घ्या' असं दोन्हीकडून सांगितलं तर निदान भोंग्याचं सार्थक होईल.

इस्लाममध्ये याबद्दल काय म्हटलं आहे, असं आपल्या वाचकांपैकी काही जण विचारतील. आपल्या मालकीच्या वस्तूचा वापर शेजाऱ्याला इजा करणारा नसावा, हे तत्त्व फिकहमध्ये जुनं आणि पक्कं आहे. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यात 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्यात शेजाऱ्याला घरात राहणं अशक्य करणारा भट्टीचा धूर हे थेट उदाहरण म्हणून दिलं आहे. ज्यांना हा आधार लागतो त्यांनी तो घ्यावा, इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात सांगितला तर फारच चांगलं. मला स्वतःला अनुच्छेद २१ पुरेसा वाटतो, आणि पर्यावरण राखण्याचं मूलभूत कर्तव्य सांगणारा ५१-क सुद्धा. शेजारच्या फडात धूर खाणाऱ्या कोयत्याशी मला बोलायचं आहे, आणि तिच्याशी बोलताना दोघांच्या कामाची भाषा संविधानाचीच आहे.

तरी एक गोष्ट खास आपल्या हातातली आहे, आणि तिला ना कारखाना लागतो ना सरकार. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या नावे इनाम आणि वक्फ जमिनी आहेत. आमच्या भागात त्यांतल्या कितीतरी उसाखाली आहेत, कुणी वाट्याने तर कुणी खंडाने कसतं. या जमिनींवरचं पाचट जळतं तेव्हा तो धूर विश्वस्तांच्या सहीचा असतो. खंडाचा करार करताना विश्वस्त रक्कम लिहितात, मुदत लिहितात, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा लिहितात. त्यात एक ओळ वाढवता येते: या जमिनीत पाचट जाळायचं नाही, आणि कुट्टीचा निम्मा खर्च ट्रस्ट सोसेल. निम्मा खर्च लिहिल्याशिवाय पहिली अट घालू नये, नाहीतर आपणही दंड लावणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू. आमच्याकडे खंडाची बोलणी पाडव्याच्या आसपास होतात. आमच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत मी हा मसुदा घेऊन जाणार आहे. दोन विश्वस्त अनुकूल आहेत, तिसऱ्यांचं म्हणणं आहे की खंड कमी होईल. खंड किती कमी होईल याचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवायचा आहे, आणि तो मांडायला मला चाचांनाच सोबत घ्यायचं आहे.